कांदळाची आई कोण, बाप कोण: संकर झाड आणि नवी जात जीनोमवरून ओळखण्याची वाट

गोव्यात मांडवी आणि झुआरी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात ओहोटीच्या वेळी होडी घातली, की दोन्ही काठांना कांदळाच्या मुळांच्या कमानी उघड्या पडतात. लांबून सगळी झाडं एकाच जातीची वाटतात. होडी मुळांना टेकेपर्यंत जवळ नेली की फरक दिसू लागतो. एका झाडाची फुलं पानांच्या बगलेतून लांब, बारीक देठावर झुबक्याने लोंबतात आणि पाकळ्यांच्या कडेला दाट पांढरी लव असते. हा रायझोफोरा म्युक्रोनाटा. शेजारच्या झाडाची फुलं पानांच्या खाली, पानं गळून गेलेल्या पेरांवर, आखूड जाड देठावर जोडीने बसलेली असतात आणि पाकळी गुळगुळीत असते. हा रायझोफोरा अपिक्युलाटा. आपण दोघांनाही कांदळच म्हणतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत मला तिसरंच झाड दिसलं. देठ मधल्या लांबीचा, फुलं कुठे दोन तर कुठे तीन-चार, पाकळीवर लव होती पण विरळ. मी फांदी हातात धरून बसलो होतो तेव्हा होडी वल्हवणारे बाबा म्हणाले, “ह्या झाडाक फळां लागनात.” बाबांचं आयुष्य या पाण्यात मासे धरण्यात गेलेलं. दोन जातींचं मूल जगतं, उंच वाढतं, फुलतंसुद्धा, पण पुढे त्याचा वंश चालेलच असं नाही, हे संकराचं मर्म त्यांनी नाव न घेता सांगितलं.

तमिळनाडूत पिचावरमच्या खारफुटीत अशीच मधली झाडं आहेत. संशोधक कथिरेसन यांनी १९९५ साली ती नवी जात म्हणून नोंदवली आणि नाव दिलं रायझोफोरा अन्नामलयाना. पुढे डीएनए तपासल्यावर ती याच दोन जातींचा संकर ठरली. नवी जात आणि संकर यांतला फरक नुसत्या पानाफुलांवरून अनुभवी डोळ्यालाही सापडत नाही, हे त्यातून कळतं.

गोव्यातल्या महाविद्यालयांत प्रकल्प करणारे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि खाडीकाठची निसर्गमंडळं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. उदाहरण कांदळाचं घेतलं, कारण दोन्ही जाती आपल्याकडे आहेत आणि कांदळाचा जीनोम, म्हणजे पेशीतल्या डीएनएचा अख्खा मजकूर, आटोपशीर आहे: सुमारे २५ कोटी अक्षरांचा. माणसाचा ३०० कोटींच्या घरात जातो आणि बेडकांचे कित्येकदा त्याहून मोठे असतात. पायऱ्या मात्र मासा, बेडूक, फुलपाखरू कशालाही लागू पडतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या कामाचं यश संगणकावर ठरतं असं सगळ्यांना वाटतं. माझ्या मते ते झाडाखाली, चिखलात ठरतं.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

“गोव्यातल्या कांदळाचा जीनोम अभ्यासायचा आहे” हा प्रश्न नव्हे. “मधल्या रूपाची झाडं दोन जातींच्या थेट संकराची पहिली पिढी आहेत, की त्यांच्यातून जनुकं परत आईबापांच्या जातींत झिरपली आहेत, की ती एकाच जातीतली नुसती वेगळी दिसणारी झाडं आहेत?” हा प्रश्न झाला. त्याखाली तीन शक्यता लिहा आणि प्रत्येकीपुढे ती खरी असेल तर डीएनएत काय दिसेल ते लिहून तारीख घाला. निकाल हातात आल्यावर मन आपल्याला हवी ती गोष्ट विणायला लागतं, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

तो लिहिण्यासाठी एक गोष्ट पक्की माहीत हवी. झाडाच्या पेशीत वंशाच्या दोन वेगळ्या वह्या असतात. केंद्रकातल्या वहीत अर्धी पानं आईची, अर्धी बापाची. कांदळात १८ गुणसूत्रांचे दोन संच. हरितलवकाची वही वेगळी. ती बहुतेक सपुष्प वनस्पतींत फक्त आईकडून येते, तशी प्राण्यांत मायटोकॉन्ड्रियाची. जातओळखीसाठी ज्याला डीएनए बारकोड म्हणतात, ती वनस्पतींतली दोन नेहमीची जनुकं हरितलवकातलीच. नुसता बारकोड काढला तर संकर झाड आईच्या जातीचं म्हणून खुशाल नोंदलं जाईल आणि बापाचा पत्ताच लागणार नाही. म्हणून दोन्ही वह्या वाचायच्या. केंद्रक सांगतं हे कुणाकुणाचं मूल, हरितलवक सांगतं त्यातली आई कोण.

दुसरी पायरी: जागा, परवानगी, मगर

मधली झाडं जिथे आहेत तिथूनच आईबापांचे नमुने घेऊन भागत नाही. तिथली शुद्ध दिसणारी झाडंही आतून मिसळलेली असू शकतात. म्हणून प्रत्येक जातीची काही झाडं अशा ठिकाणाहून घ्या जिथे दुसरी जात आसपास नाही. एकाच नदीवर थांबू नका. मांडवी-झुआरीच्या जोडीला शापोरा, साळ, तळपण अशी निदान एक नदी धरा. आणि स्थानिकांना विचारा, हे कांदळ आपोआप आलं की लावलं? गेल्या काही दशकांत वनखात्याने आणि संस्थांनी खाडीकाठी बरीच लागवड केली आहे. सरळ ओळीत, एका वयाची झाडं दिसली तर ती लावलेली समजा. त्यांच्या शेंगा कुठल्या नदीवरून आणल्या होत्या ते कळलं नाही तर ती झाडं अभ्यासातून वगळा.

चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं आहे. रायबंदरहून फेरीबोटीने दहा मिनिटांत पोचता येतं, म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडे असतो. पण तिथलं एक पान तोडायलाही वनखात्याची लेखी परवानगी हवी. बाहेरच्या खाजणात, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीत, जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामायिक संस्थेची), खासगी किंवा कुळांची असते, विचारून जा. राज्य जैवविविधता मंडळाकडे आणि पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे आधीच कळवून ठेवा. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण केल्याशिवाय पाठवू नका. हे कागद सुरुवातीला कंटाळवाणे वाटतात, पण त्यांच्याशिवाय पुढे निबंध छापला जात नाही.

कालव्यात मगरी आहेत, हे विसरू नका. खाजणातले शेतकरी पौषात चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, ती मांगे थापणी, उगाच नाही. भरती चढत असताना मुळांमध्ये उतरू नका, एकट्याने जाऊ नका आणि होडीवाल्याचं ऐका.

तिसरी पायरी: झाडाखाली

इथे घाई करू नका. एका झाडाला वीस मिनिटं लागतात आणि ती लागू द्यावीत.

झाडाला क्रमांक द्या, जीपीएस घ्या, पट्टी ठेवून फोटो काढा: फुलाचा देठ, कळ्यांची संख्या, पाकळीची कड, पानाचं टोक, मुळं. पाच फुलं आणि पाच पानं मोजा. पाकळीवरची लव भिंगातून पाहून तिला शून्य ते तीन असे गुण द्या. हे गुण दोघांनी वेगवेगळे द्यायचे, एकमेकांना न दाखवता. आणि हे सगळं डीएनएचा निकाल यायच्या आधी पूर्ण झालेलं हवं; नंतर दिलेल्या गुणांत निकालाचा रंग उतरतो. फुलासकट एक फांदी दाबून वनस्पतिसंग्रहालयात जमा करा. दहा वर्षांनी कुणी शंका काढली तर तीच साक्षीदार.

आता पान. टोकाकडून दुसऱ्या जोडीतलं, कोवळं पण पूर्ण उघडलेलं, डाग नसलेलं पान निवडा. ओल्या कापडाने चिखल आणि मीठ पुसा, मग कोरड्या कापडाने. मधली जाड शीर काढून टाका आणि पात्याचे नखाएवढे तुकडे करून चहाच्या कागदी पिशवीत घाला. ती पिशवी पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका जेल असलेल्या हवाबंद थैलीत ठेवा. जेलमध्ये रंग बदलणारे थोडे दाणे असू द्या, ओल धरली की ते लगेच दाखवतात. नाव पेन्सिलीने लिहा, पिशवीवर एकदा आणि आतल्या चिठ्ठीवर एकदा.

कांदळाचं पान जाड, पाणीदार आणि टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेलं असतं. हळू वाळलं की टॅनिन डीएनएला चिकटतं आणि पुढे तो कितीही धुतला तरी सुटत नाही. एका जुलैत मी चोवीस नमुने घेऊन घरी आलो, थकून झोपलो आणि जेल सकाळी बदलू म्हणून ठेवून दिलं. सकाळी थैल्यांतले दाणे सगळे रंग बदललेले, पानं चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी. चोवीसांपैकी एकातूनही कामाचा डीएनए निघाला नाही आणि ती झाडं पुन्हा शोधायला पावसाळा संपेपर्यंत थांबावं लागलं. त्याच संध्याकाळी जेल बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. तुकडा वाकवला तर पापडासारखा कडकन मोडला पाहिजे आणि रंग हिरवाच राहिला पाहिजे.

किती झाडं? प्रयोगशाळेतली ताटली ९६ खळग्यांची असते, तिच्यावरूनच आखणी करा. मी अशी करतो: प्रत्येक जातीची २४ झाडं, मधल्या रूपाची १२, डोळे मिटून निवडलेली २०, रोपं १० (ती कुठून येतात ते पुढच्या पायरीत), चार नमुने दुबार आणि दोन खळगे नुसत्या पाण्याचे. डोळे मिटून म्हणजे काठाने चालत ठरावीक अंतरावर येईल ते झाड, रूप न पाहता. हा गट लोक हमखास गाळतात आणि तिथेच फसतात. संकर परत आईच्या जातीशी जुळला तर त्याची पिल्लं आईसारखीच दिसतात. फक्त वेगळी दिसणारी झाडं निवडलीत तर ती तुमच्या जाळ्यात येणारच नाहीत.

चौथी पायरी: कडेवरचं मूल

कांदळात एक सोय आहे जी फार थोड्या रानटी वनस्पतींत मिळते आणि जिचा उपयोग फार थोडे जण करतात. कांदळाचं बी झाडावरच रुजतं. आपण जिला शेंग म्हणतो, ती हिरवी लांब काठी म्हणजे रुजलेलं रोप, आईच्या कडेवर असलेलं. म्युक्रोनाटाची शेंग हातभर, अपिक्युलाटाची त्याहून आखूड. लोंबत्या शेंगेची आई कोण, याबद्दल शंकाच नाही. केंद्रकातून आईचा वाटा वजा केला की उरतो तो बाप.

मग आईच्या जातीची साधी दिसणारी झाडं निवडा, मधल्या झाडाच्या शेजारची. त्यांच्या पिकलेल्या शेंगा हलक्या हाताने फिरवून काढा. पिकलेली शेंग जोर न लावता सुटते. वरचं तपकिरी फळ हे आईच्या शरीराचा भाग आहे, त्यातून डीएनए काढला तर पुन्हा आईच मिळेल. म्हणून शेंग खाजणाच्या चिखलाने भरलेल्या पिशवीत लावा, आईचा क्रमांक पिशवीवर घाला आणि पहिली दोन पानं उघडली की त्यातल्या एकाचा तुकडा घ्या. रोप मरत नाही. मधल्या झाडावरच एखादी शेंग दिसली तर ती सोन्यासारखी जपा, कारण संकर वांझ आहे की नाही या प्रश्नाचं उत्तर तिच्यात असतं. शेंगा पिकायचे दिवस जागोजागी थोडे वेगळे असतात, तिथल्या मच्छीमारांना विचारून ठेवा.

पाचवी पायरी: प्रयोगशाळा

डीएनए काढायची सीटॅब पद्धत (सीटॅब हे पेशी फोडणारं रसायन) महाविद्यालयातही जमते. कांदळासाठी तिच्यात पीव्हीपी हे रसायन जास्त घाला, ते टॅनिन धरून ठेवतं. मर्कॅप्टोइथेनॉल आणि क्लोरोफॉर्म यांचं काम धूरकपाटातच करा. मग डीएनए विजेच्या प्रवाहाने जेलच्या थरातून सरकवून बघा (हे जेल सिलिकाचं नव्हे). त्यावर ठळक, वरच्या बाजूची एकच पट्टी दिसली तर डीएनए अखंड आहे. खाली पसरलेला धूर दिसला तर तो तुटलेला आहे. शुद्धतेचं २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण) १.८ च्या आसपास हवं.

पैसे थोडे असतील तर आधी दोनच तुकडे वाचून घ्या, केंद्रकातला आयटीएस नावाचा आणि हरितलवकातला एखादा. आयटीएसचा आलेख संगणकावर उघडून नीट बघा. शुद्ध झाडात प्रत्येक जागी एकच शिखर असतं. पहिल्या पिढीच्या संकरात, जिथे दोन जातींचं अक्षर वेगळं आहे नेमक्या तिथे एकावर एक दोन शिखरं दिसतात, एक आईचं, एक बापाचं. अशी दुहेरी शिखरं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तो आलेख छापून भिंतीवर लावला. पण पेशीत आयटीएसच्या शेकडो प्रती असतात आणि त्या कालांतराने एकसारख्या होत जातात, त्यामुळे जुना संकर त्यात दिसेलच असं नाही.

मग अख्ख्या जीनोमची गरज का? साधा हिशेब आहे. दोन जातींत हमखास वेगळी असलेली पाच ठिकाणं तुम्ही तपासता असं समजा. पहिली पिढी पाचही ठिकाणी दुहेरी असेल, ती चुकणार नाही. ती आईच्या जातीशी एकदा जुळली तर प्रत्येक ठिकाण दुहेरी राहण्याची शक्यता निम्मी. पाचही ठिकाणी शुद्ध दिसण्याची शक्यता ३२त १. दुसऱ्यांदा जुळली तर जवळजवळ चारात एक झाड तुम्हाला शुद्ध वाटेल. तिसऱ्यांदा, निम्म्याहून जास्त. पाचाऐवजी ५० ठिकाणं घेतली तर तिसऱ्या वेळचं झाडही निसटण्याची शक्यता हजारात एकच्या आसपास येते. हा हिशेब ठिकाणं एकमेकांपासून दूर, स्वतंत्र असतील तरच खरा. एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी असलेली ५० ठिकाणं म्हणजे एकाच साक्षीदाराला ५० वेळा विचारणं.

हजारो ठिकाणं स्वस्तात मिळवायची पद्धत म्हणजे डीडीरॅड. दोन विकरांनी जीनोम ठरावीक जागी कापून तेवढेच तुकडे वाचायचे. ही पद्धत २०१२पासून वापरात आहे. दुसरी वाट, प्रत्येक झाडाचा अख्खा जीनोम पण विरळ वाचायचा. प्रश्न फक्त संकराचा असेल तर डीडीरॅड पुरे. जात कशी फुटली हेही शोधायचं असेल तर अख्खा जीनोम घ्या, नंतर हळहळावं लागणार नाही. वाचनाचं काम बहुधा बाहेर द्यावं लागतं. देताना जातींचे नमुने ताटलीत मिसळून ठेवा. एक जात डाव्या अर्ध्यात आणि दुसरी उजव्या अर्ध्यात ठेवली, तर यंत्रातला फरक जातींतला फरक म्हणून समोर येईल.

सहावी पायरी: संगणक

हा भाग शिकवणाऱ्या गोष्टी भरपूर उपलब्ध आहेत, मी थोडक्यात आटोपतो. पुढची नावं संगणकाच्या आज्ञावलींची आहेत. फास्टक्यूसीने दर्जा बघा, टोकं छाटा, बीडब्ल्यूएने वाचनं (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) अपिक्युलाटाच्या प्रकाशित जीनोमवर बसवा, बीसीएफटूल्सने बदल काढा, निकृष्ट आणि अर्ध्याहून जास्त झाडांत गायब असलेली ठिकाणं फेका. विरळ वाचन असेल तर एएनजीएसडी वापरा. ते अक्षर ठामपणे न ठरवता शक्यतेने मोजतं.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. वाचनं ज्यावर बसवतो तो संदर्भ जीनोम एका जातीचा असला की दुसऱ्या जातीची काही वाचनं त्यावर बसतच नाहीत आणि गळून जातात. मग संकर झाड अपिक्युलाटाकडे झुकल्यासारखं दिसतं. दुहेरी ठिकाणी दोन्ही अक्षरं साधारण अर्धी-अर्धी वाचली गेली आहेत का ते तपासा. दुबार नमुने एकसारखे आले का आणि पाण्याच्या खळग्यात काही निघालं का, हेही याच वेळी बघा.

सातवी पायरी: त्रिकोण

सगळे पहिल्यांदा पीसीए (सारखी झाडं जवळजवळ मांडणारा आलेख) काढतात आणि अ‍ॅडमिक्स्चर या आज्ञावलीचे रंगीत खांब, ज्यांत प्रत्येक झाडातला जातींचा वाटा रंगांनी दाखवतात. काढा, पण त्यावर निकाल देऊ नका. खांब अर्धा निळा, अर्धा पिवळा आला की लोक “संकर” म्हणून मोकळे होतात. तिसऱ्याच, दूरच्या वस्तीचं शुद्ध झाडसुद्धा तसा खांब दाखवू शकतं. त्या आज्ञावलीला दोनच रंग दिले तर ती तिसऱ्याला त्या दोनांतच वाटून टाकते.

त्यापेक्षा त्रिकोण काढा. शुद्ध झाडांवरून अशी ठिकाणं निवडा जिथे दोन जातींची अक्षरं पूर्ण वेगळी आहेत. मग प्रत्येक झाडासाठी दोनच आकडे काढा. एक, त्याच्यात म्युक्रोनाटाची अक्षरं किती टक्के. दोन, किती ठिकाणं दुहेरी, म्हणजे एक अक्षर एका जातीचं आणि दुसरं दुसरीचं. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा मांडा.

शुद्ध झाडं खालच्या दोन कोपऱ्यांत बसतात. पहिली पिढी थेट वरच्या टोकाला: अक्षरं अर्धी-अर्धी आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाण दुहेरी. दोन संकर एकमेकांशी जुळले तर मूल मधोमधच, पण अर्ध्या उंचीवर येतं. संकर अपिक्युलाटाशी जुळला तर २५ टक्के म्युक्रोनाटा, निम्मी ठिकाणं दुहेरी, म्हणजे डाव्या बाजूच्या उतारावर. आणि तिसरी जुनी जात, जिच्यात दोघांची अक्षरं केव्हाची स्थिर झाली आहेत, ती मध्यावर पण तळाशी राहते. नवी जात आणि पहिल्या पिढीचा संकर या चित्रात सर्वांत लांब पडतात. रंगीत खांबांत ते एकसारखे दिसले असते.

मग हरितलवकाचा निकाल प्रत्येक ठिपक्याला रंग म्हणून द्या. सगळ्या पहिल्या पिढीची आई एकाच जातीची निघाली, तर पराग एकाच दिशेने यशस्वी होतो आहे. कारण फुलण्याच्या वेळेत असेल किंवा फुलाच्या रचनेत. शेवटी रोपांचे ठिपके टाका. सगळी मोठी मधली झाडं वरच्या टोकाला आणि सगळी रोपं खालच्या कोपऱ्यांत आली, तर संकर होतात पण तिथेच थांबतात. रोपांपैकी एक जरी उतारावर सापडलं, तर दोन जातींमधलं दार अजून किलकिलं आहे.

आठवी पायरी: जुनी देवघेव आणि जात फुटणं

त्रिकोण गेल्या काही पिढ्यांचंच सांगतो. हजारो वर्षांपूर्वीची देवघेव शोधायला डी-चाचणी आहे. चार झाडं घ्या: दूरच्या नदीवरचं अपिक्युलाटा, शेजारचं अपिक्युलाटा, म्युक्रोनाटा आणि परक्या कुळीचं म्हणून झुंबर (ब्रुगिएरा) हे खारफुटीचं झाड. नुसत्या योगायोगाने, जुन्या पूर्वजाकडून राहून गेलेली अक्षरं दोन्ही अपिक्युलाटांशी म्युक्रोनाटा सारख्याच प्रमाणात वाटून घेईल. शेजारच्याशी जास्त जुळली तर देवघेव झाली आहे. हीच चाचणी २०१० साली निअँडरथल माणसाच्या जीनोमला लावली गेली आणि आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्याचा अंश असल्याचं कळलं. तो आज एक ते दोन टक्के मानतात. देवघेव केव्हा झाली हे तुकड्यांच्या लांबीवरून कळतं. परक्या जातीचा गुणसूत्राचा तुकडा प्रत्येक पिढीत कापला जातो, म्हणून लांब तुकडे ताजे, तुकडे-तुकडे झालेले जुने.

जात फुटली कशी, हे पाहायला जीनोम लहान खिडक्यांत विभागून प्रत्येक खिडकीत दोन जाती किती वेगळ्या आहेत ते मोजतात. युरोपातल्या काळ्या आणि राखी कावळ्यांचा असा अभ्यास २०१४ साली छापून आला. एका अरुंद पट्ट्यात ते एकमेकांशी जुळतात, बहुतेक जीनोम जवळजवळ सारखा आहे, आणि पक्के फरक एकाच गुणसूत्राच्या एका छोट्या भागात दाटलेले आहेत, जिथे पिसांच्या रंगाची जनुकं आहेत. सगळीकडे दार उघडं, एका खोलीला कुलूप. पण खिडकी उंच दिसली म्हणून लगेच “जात घडवणारं जनुक सापडलं” म्हणू नका. जिथे गुणसूत्रांची अदलाबदल कमी होते तिथे असे डोंगर आपोआपही उभे राहतात. सापेक्ष फरक (जातीच्या आतल्या विविधतेच्या तुलनेत) आणि एकूण फरक, दोन्ही मोजून मगच बोला.

उलटही घडतं, संकरातून जात जन्मते. गालापागोसच्या डॅफ्ने बेटावर १९८१ साली शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या एस्पान्योला बेटावरचा एक फिंच पक्ष्याचा नर आला, स्थानिक मादीशी जुळला आणि त्याची संतती पुढे आपसांतच जुळत राहिली. २०१८च्या अभ्यासात जीनोमने त्या नराचं मूळ बेट दाखवून दिलं. आपल्या जवळचं पाहायचं तर पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जीनोमवरून सिद्ध झाला आहे. तिथे मात्र ती आनंदाची बातमी नाही, कारण थोडे उरलेले लांडगे भटक्या कुत्र्यांच्या जनुकांत विरघळायचा धोका आहे.

खारफुटीत जात फुटणं आणि संकर या दोन्ही गोष्टींना समुद्र कारण आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता. मलाक्काची सामुद्रधुनी कोरडी पडली आणि हिंदी महासागराकडची खारफुटी पूर्वेकडच्या खारफुटीपासून तुटली. पाणी चढलं तेव्हा पुन्हा भेटली. असं अनेकदा झालं. अशा तुटण्या-भेटण्याच्या फेऱ्यांतून जाती हळूहळू फुटल्या आणि भेटीच्या काळात जनुकं वाहत राहिली, असं खारफुटीच्या अनेक जातींवर केलेलं आणि २०१९ साली छापलेलं संशोधन सांगतं. मांडवी आणि झुआरीची मुखंही तेव्हा आजच्या किनाऱ्यापासून कितीतरी पश्चिमेला होती. आज कुंभारजुव्यात उभं असलेलं प्रत्येक कांदळ वर चढणाऱ्या पाण्याबरोबर आत आलेल्यांचं वंशज आहे. म्हणून गोव्यातली नुसती दोन नद्यांवरची झाडं पाहून जात कशी फुटली यावर बोलू नका. बंगालचा उपसागर आणि त्याच्या पलीकडचे प्रकाशित जीनोम तुलनेला घ्या.

शेवटची पायरी: जमा करणं

कच्चा डेटा फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात जमा करा, झाडाचा क्रमांक, मोजमापं आणि फांदीच्या नोंदीसकट. निकाल मराठीत किंवा कोकणीत दोन पानांत लिहून पंचायतीच्या जैवविविधता समितीला द्या. लागवड करणाऱ्यांना सांगा की एका नदीच्या शेंगा दुसऱ्या नदीत नेऊ नयेत. मधली झाडं सापडली असतील तर त्यांची नेमकी जागा जाहीर करू नका, वनखात्याला कळवा.

आणि रोपं. नमुना घेऊन झाल्यावर ती पिशवीत तशीच पडून राहतात, पाणी घालायला कुणाला सवड नसते. त्यांच्यावर आईचा क्रमांक आहे. पिशव्या होडीत घालून त्याच झाडाखाली न्या, ओहोटीला, आणि मुळांच्या सावलीबाहेर, हातभर अंतरावर एकेक लावा. माझी सहा गेल्या पावसाळ्यात लागली, बाबांनीच खड्डे केले.